लांबी लावण्याआधी मला बोलवा

मैत्रिणींनो, लोणच्याच्या बरण्या, पावसाळ्यात न वाळणारे कपडे आणि मुलांच्या परीक्षा यांवर या सदरात आपण पुष्कळ बोललो. आजचा विषय पाहून काहीजणी म्हणतील, बाईंना आता गॅरेज उघडायचंय की काय! पण घाटकोपरच्या एका वाचक भगिनीचे पत्र असे आहे, की उत्तर टाळून चालणार नाही. त्या लिहितात, "सासऱ्यांची जुनी मॅटाडोर सोसायटीच्या आवारात उभी आहे. आत कपाटं आहेत, झोपायची सोय आहे. मिस्टर म्हणतात दुरुस्त करू, दीर म्हणतात भंगारात देऊ. गॅरेजवाला म्हणतो, आठ दिवसांत नवीकोरी करून देतो. दोघेही मला विचारतात, तुझं काय मत? मी काय सांगू?"

गेल्या हिवाळ्यात मुलुंडला आमच्याकडे नेमका हाच प्रश्न होता. आमचीही मॅटाडोर, १९८६ सालची. सासऱ्यांनी सुताराकडून तीत कपाटे करून घेतली होती आणि दर मे महिन्यात सगळे कुटुंब तीतून कोकणात जायचे. म्हणून अनुभवाने सांगते. पहिली गोष्ट, आठ दिवसांत नवीकोरी करून देणाऱ्याला गाडी देऊ नका. दुसरी, होय की नाही हे गाडी उघडून पाहिल्याशिवाय ठरवू नका. जुनी गाडी रंगाने सुंदर दिसते, पण सुरक्षित असते ती पत्र्याने.

मूळची गोरेगावची

आपल्या उपनगरांशी या गाडीचे नाते जुने आहे. नवलमल फिरोदियांच्या बजाज टेंपो कंपनीने १९५८ साली गोरेगावला तीनचाकी टेंपो बनवायला सुरुवात केली. १९६४ मध्ये कारखाना पुण्याजवळ आकुर्डीला गेला आणि १९६९ पासून मॅटाडोर रस्त्यावर आली. आराखडा जर्मनीचा, पण शाळेची मुले, लग्नाचे वऱ्हाड, भाजीच्या टोपल्या असे सगळे तिने इतके वाहिले, की पुढे कोणत्याही मोठ्या व्हॅनला आपण मॅटाडोरच म्हणू लागलो. २००५ मध्ये कंपनीचे नाव फोर्स मोटर्स झाले. गाडीचे नाव मात्र लोकांच्या तोंडून गेले नाही.

तिकडे जर्मनीत वेस्टफालिया नावाच्या कंपनीने १९५१ पासून फोक्सवॅगनच्या व्हॅनमध्ये कपाटे आणि पलंग बसवून फिरते घर करायला सुरुवात केली. आपल्याकडे तसे तयार घर मिळत नसे. घरोघरच्या सुतारांनीच ते केले. मॅटाडोरचा तळ बसका आणि आतली जागा चौकोनी, त्यामुळे कपाट करणे सोपे जाई. म्हणूनच अशा गाड्यांची आतली रचना कुठल्या पुस्तकात सापडत नाही. ती मोडण्याआधी तुम्हीच टिपून ठेवायची.

आधी पुस्तक, मग पत्रा

गॅरेजला जाण्याआधी कपाटातून गाडीचे आर. सी. बुक काढा. खासगी गाडीची नोंदणी पहिली पंधरा वर्षे चालते, त्यानंतर दर पाच वर्षांनी गाडी दाखवून नूतनीकरण करावे लागते. महाराष्ट्रात जुन्या गाडीवर पर्यावरण कर असतो, तोही भरलेला हवा. मुदत केव्हाच टळून गेली असेल, तर एक पैसाही खर्च करण्याआधी आपल्या आर. टी. ओ.त जाऊन विचारा. मुलुंड-घाटकोपरला वडाळा, बाकीच्यांना अंधेरी किंवा बोरिवली. आमच्या पुस्तकाची मुदत २०२६ पर्यंतची. म्हणजे काम त्या तपासणीला उतरेल असेच करून घ्यायचे होते, नुसते फोटोत शोभेल असे नव्हे.

"जुनी आहे, व्हिंटेज म्हणून नोंदवू," असे कुणी सुचवील. २०२१ च्या नियमांप्रमाणे त्यासाठी पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे व्हावी लागतात, गाडी मूळ रूपात असावी लागते आणि तशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. ऐंशीच्या दशकातल्या मॅटाडोरला अजून वेळ आहे.

आणखी एक. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार पुस्तकातल्या नोंदींशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावले. सीटा काढून तिथे कायमचा पलंग ठोकायचा विचार असेल, तर आधी लेखी परवानगी. आम्ही सीटांना हात लावला नाही. सामानाच्या जागेत कपाटे नटबोल्टने बसवली आहेत आणि दोन सीटांमध्ये फळी टाकली की झोपायची सोय होते. फळी उचलली की गाडी पुन्हा पुस्तकात लिहिल्याप्रमाणे.

चुंबक, स्क्रूड्रायव्हर आणि पाण्याची नळी

आता गाडीची परीक्षा. याला मेस्त्री लागत नाही. फ्रिजवर चिकटवतो ते चपटे चुंबक घ्या, मऊ फडक्यात गुंडाळा आणि पत्र्यावरून हळूहळू फिरवा. जिथे पत्रा आहे तिथे ते धरते. जिथे खाली जाड लांबी भरली आहे तिथे सुटून पडते. लांबी म्हणजे खड्डे बुजवायचा लगदा, रंगारी भिंतीला लावतात तिचीच गाडीची बहीण. आमच्या गाडीला काही वर्षांपूर्वी एका गॅरेजने रंग दिला होता, अगदी आरशासारखा. मागच्या चाकावरच्या कमानीपाशी चुंबक चार ठिकाणी टपकन पडले. खरवडले तर आत पत्रा नव्हताच. वर्तमानपत्राचा बोळा, त्यावर लांबी, त्यावर रंग!

मग स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने या जागा हलकेच टोचून पाहा: दारांची खालची कड, चढायची पायरी, चाकांवरच्या कमानी, बॅटरीखालचा ट्रे, रबरी मॅटखालचा तळ आणि छताच्या कडेची पन्हळ. चांगला पत्रा टणक लागतो. कुजलेला पापडासारखा मोडतो.

शेवटी पाण्याची परीक्षा. एकीने टॉर्च घेऊन आत बसायचे, दुसरीने बाहेरून नळीने छतावर आणि काचांवर दहा मिनिटे पाणी सोडायचे. खालून सुरुवात करून वर जा, म्हणजे पाणी नेमके कुठून शिरते ते कळते. जिथून थेंब येईल तिथे आतून खडूने खूण करा. आमच्याकडे सासूबाई खुर्ची टाकून आत बसल्या होत्या. त्यांनी सात खुणा केल्या, पैकी पाच काचांच्या रबरापाशी. दारांच्या तळाशी पाणी बाहेर जायला बारीक भोके असतात, ती मातीने बुजतात आणि दार आतून हौदासारखे भरते. विणकामाच्या जुन्या सुईने ती मोकळी करा. फुकटचे काम आहे, पण दाराचे आयुष्य वाढवते.

गंज आतून का वाढतो

मी शाळेत मराठी शिकवते, पण आमच्या विज्ञानाच्या बाईंचा खिळ्यांचा प्रयोग तुम्हीही लहानपणी पाहिला असेल. तीन परीक्षानळ्या. एकीत खिळा आणि साधे पाणी, दुसरीत उकळून गार केलेले पाणी आणि वर तेलाचा थर, तिसरीत कोरडी हवा. गंजतो तो पहिलीतला. लोखंडाला पाणी आणि हवा दोन्ही मिळाली की गंज. मुंबईच्या हवेत समुद्राचे मीठही आहे, ते हे काम जोरात करून घेते.

गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो. म्हणून रंगाखाली फोड येतात, भिंतीला ओल आली की पोपडे फुगतात तसे. आणि लांबी मूळची पाणी शोषणारी. उघड्या गंजावर ती थापली, तर ओल धरून ठेवते आणि गंज आतल्या आत वाढत राहतो. एक-दोन पावसाळे गाडी छान दिसते, मग एके दिवशी लांबीचा पापुद्रा हातात येतो. दुखण्यावर पावडर लावण्यातला प्रकार.

मेस्त्रींशी बोलणे

मेस्त्रींशी बोलताना बायकांना संकोच वाटतो. "ताई, तुम्हाला नाही कळायचं," हे वाक्य ऐकायची तयारी ठेवा. मी एकच अट घातली होती: "मेस्त्री, लांबी लावण्याआधी मला बोलवा. उघडा पत्रा मी बघणार, फोटो काढणार, मगच पुढचे पैसे." सगळे पैसे एकदम ठरवू नका. चार हप्ते करा: उघडणे आणि खरवडणे, पत्र्याचे काम, प्रायमर आणि लांबी, शेवटी रंग. आमच्या खर्चातला निम्म्याहून अधिक भाग दुसऱ्या हप्त्यात गेला, आणि तो कुणाच्याही नजरेला दिसत नाही. तरीही काटकसर करायची तर रंगात करा, तिथे करू नका.

पत्र्याचे काम कसे व्हावे, हे थोडक्यात सांगते. काचा आणि त्यांचे रबर आधी काढलेच पाहिजे. "काचा न काढता कागद चिकटवून रंग देतो" म्हणणाऱ्याला नमस्कार करा, कारण रबराखालीच गंज असतो. कुजलेला भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापून काढायचा आणि तेवढ्याच जाडीचा नवा तुकडा वेल्डिंगने जोडायचा. कुजक्यावर नुसते ठिगळ मारले तर मधल्या फटीत पाणी साठते. नुसता वरवरचा तांबूस गंज असेल, तर तारेच्या ब्रशने साफ करून गंज मारणारे फॉस्फरिक आम्लाचे द्रावण चालते, पण भोक पडलेल्या पत्र्याला कोणतेही औषध नाही.

त्यानंतर उघड्या पत्र्याला लगेच इपॉक्सी प्रायमर, सांध्यांत सीलर, आणि मग लांबी. तीही दोन-तीन मिलिमीटरहून जाड नको. उघड्या लांबीवर पाणी घेऊन घासू देऊ नका, ती पाणी पिते. कोरड्या पॉलिश पेपरने घासायची. पाण्याचा पेपर प्रायमर चढल्यावर. रंग वाळला की दारांच्या आणि पायरीच्या पोकळ भागात मेण किंवा तेलाचा फवारा मारून घ्यायला विसरू नका.

वेल्डिंगच्या दिवशी बॅटरीच्या तारा सुटलेल्या, डिझेलची टाकी उतरवलेली आणि गाद्या, पडदे, कपाटे बाहेर काढलेली हवीत. जवळ वाळूची बादली. जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून तो ओला करूनच घासावा आणि मुलांना त्या बाजूला फिरकू देऊ नये. पी. यू. रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचे रसायन असते. त्याने दमा जडू शकतो आणि साधा कापडी मास्क त्याला पुरत नाही. तो फवारा सोसायटीच्या आवारात मुळीच नको. योग्य बंद जागा आणि हवेच्या नळीचा मास्क असलेल्या ठिकाणीच तो मारून घ्या.

आणि वेळ? दिवाळी झाली की काम काढा, होळीच्या आत संपवा. दमट हवेत एन. सी. रंगावर पांढरट झाक येते आणि उघड्या पत्र्यावर एका रात्रीत तांबूस थर चढतो. पापड वाळवायला जो मोसम आपण धरतो, तोच रंगाचाही!

कपाटे: चाकांवरचे स्वयंपाकघर

इथे मात्र आपला हात कुणी धरू शकत नाही. कपाटे काढण्याआधी चारी बाजूंनी फोटो काढा. प्रत्येक फळीच्या मागे पेन्सिलने आकडा घाला. बिजागऱ्या आणि स्क्रू वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवून पिशवीवरही तोच आकडा. आमच्या कपाटांची सागवानी चौकट चाळीस वर्षांनीही ठणठणीत होती. पाठीचे आणि तळाचे प्लाय मात्र पुस्तकाच्या पानांसारखे सुटले होते. कारण उघड होते. ते थेट ओल्या पत्र्याला टेकलेले होते.

म्हणून चौकट ठेवली, प्लाय बदलले. दुकानात "वॉटरप्रूफ द्या" एवढेच म्हणू नका. प्लायवर छापलेला शिक्का वाचा. आय. एस. ३०३ मध्ये दोन प्रकार येतात. एम. आर. म्हणजे नुसती दमट हवा सोसणारे, बी. डब्ल्यू. आर. म्हणजे उकळत्या पाण्याची परीक्षा दिलेले. आय. एस. ७१० म्हणजे मरीन. गाडीत तळाला आणि मोरीच्या बाजूला मरीन, बाकी ठिकाणी बी. डब्ल्यू. आर. पुरते. एम. आर. स्वस्त पडते, पण गाडीत नको.

जाडीचाही विचार करा. आठ बाय चार फुटांचा १९ मिलिमीटरचा एक प्लाय ३५ ते ४० किलो भरतो. १२ मिलिमीटरचा २२ ते २५. घरातले कपाट एका जागी उभे असते, इथले वजन इंजिनाला घाटात ओढायचे आणि ब्रेकला उतारावर थांबवायचे असते. चौकट भक्कम असेल तर बाजूंना १२ आणि पाठीला ६ मिलिमीटर पुरे होते. जड डबे खालच्या कप्प्यात, हलके वर.

प्लायच्या कापलेल्या कडांतून पाणी आधी शिरते, तेव्हा प्रत्येक कड सील करायला सांगा, आतलीसुद्धा. कपाट आणि पत्रा यांच्यात बोटभर फट ठेवा, टेकायच्या जागी रबराची पट्टी लावा आणि पाठीला वर-खाली दोन-दोन भोके पाडा, म्हणजे हवा खेळते. लोखंडी स्क्रू नकोत, पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचे घ्या. सागवानाला जुने फ्रेंच पॉलिश असेल तर ते लाखेचे असते, ओल्या पेल्याचा पांढरा डाग त्यावर लगेच उठतो. बसायच्या बाजूला ते शोभते, ओट्याच्या बाजूला सनमायका बरा.

दारांना नुसते चुंबकी कॅचर लावून भागत नाही, पहिल्याच वळणावर डबे बाहेर येतात. छोटी कडी लावा. खणांसाठी आमच्या जुन्या सुताराची युक्ती फार छान आहे. खणाच्या तळाच्या कडेला खाच ठेवायची. खण थोडा उचलल्याशिवाय पुढे येतच नाही. ना कडी, ना किल्ली, आणि घाटात सांडलेला मसाला भरायची वेळ येत नाही.

गॅसबद्दल कडक शब्दांत

घरचा सिलिंडर गाडीत बसवू नका आणि बंद गाडीत शेगडी पेटवू नका. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर खाली तळाशी साचून राहतो, उघड्या खिडकीतून वर निघून जात नाही. बंद जागेत जळणाऱ्या ज्योतीतून विषारी वायूही होतो, त्याला वास नसतो. आम्ही गाडीत फक्त डबे, पाणी आणि थर्मास ठेवतो. चहा झाडाखाली होतो, आणि तो जास्त चांगला लागतो! रात्री झोपताना दोन बाजूंच्या खिडक्या बोटभर उघड्या ठेवा. माणसांच्या श्वासाची वाफ थंड पत्र्यावर पाणी होऊन बसते आणि पुन्हा गंजाची सुरुवात.

नाही म्हणायची वेळ

घाटकोपरच्या ताई, आता तुमच्या प्रश्नाचे उत्तर. दारे, कमानी, पायरी, तळाचे काही तुकडे कुजले असतील, तर काम होण्यासारखे आहे. पण गाडी उचलून खालून पाहा. चासीच कुजली असेल, स्टिअरिंग जिथे बसते किंवा चाकांचे पाटे जिथे अडकतात ती जागा मोडत असेल, सीटा जिथे बोल्टने धरल्या आहेत तो पत्रा हलत असेल, तर दिरांचे ऐका. अशी गाडी ब्रेक लावताना माणसांना धरून ठेवत नाही. सासऱ्यांची आठवण म्हणून नातवंडांना तीत बसवणे बरोबर नाही.

तसे झाले तर गाडी रस्त्यावरच्या भंगारवाल्याला देऊ नका. २०२१ च्या नियमांप्रमाणे नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात द्या, जमा केल्याचे प्रमाणपत्र घ्या आणि नोंदणी रद्द करून घ्या. नाहीतर तुमच्या नावाचे पुस्तक कुठे फिरेल याचा नेम नाही. आणि देण्याआधी कपाटे उतरवून घ्या. सागवानी चौकट घराच्या गॅलरीतही उभी राहते, तिला चाके लागत नाहीत.

यजमानांना आणि दिरांना एकत्र बसवा, चुंबक दोघांच्या हातात द्या. वाद मतांचा राहत नाही, पत्र्याचा होतो.

कापून ठेवण्यासाठी

१. आर. सी. बुक, कर आणि मुदत, खर्चाच्या आधी.
२. चुंबक, टोचणी, पाणी: तिन्ही परीक्षा घरी.
३. काचा आणि रबर काढल्याशिवाय रंग नाही.
४. उघडा पत्रा स्वतः पाहिल्याशिवाय लांबी नाही.
५. कपाट पत्र्याला टेकता कामा नये.
६. गॅस गाडीबाहेर.
७. समुद्रकिनाऱ्याहून आल्यावर गाडी खालून गोड्या पाण्याने धुवायची, त्याच दिवशी.

गाडीतल्या गाद्यांसाठी रेक्झिन घ्यावे की जाड सुती कापड, आणि जुन्या साड्यांचे पडदे कसे शिवावेत, हे पुढच्या आठवड्यात. मापे आत्ताच घेऊन ठेवा, पण कपाटे बसवल्यानंतरची!